शिडी धरणारा

दुपारी अडीचलाच इथला दिवस आवरतं घेतो.
तीनला कुंपणापलीकडून गुनवोरची हाक:
"आर्व्हिड, शिडी!"

मी जातो. धरायची, एवढंच माझं काम.
ती चढते. वय एकाहत्तर, गुडघा एकच स्वतःचा,
दुसरा एस्टरसुंडच्या इस्पितळात बसवलेला.
खुराडं उघडं आहे, आत घोटाभर पेंढा,
वाऱ्याकडची फट बुजवलेली, छताजवळची मुद्दाम राखलेली,
पण नाही. बाईसाहेबांना झाड हवं,
उणे अठरात, स्प्रूसची फांदी.

ती एकेकीला खाली देते, नावानं शिव्या घालत.
ही पोलिश: डोक्यावर पांढरा झुबका एवढा
की ससाणा आला तर हिला सगळ्यात शेवटी कळणार.
पाणी प्यायली की झुबका भिजतो, भिजला की गोठतो,
मग चालताना झुंबरासारखी किणकिणते.
गुनवोर रबर लावून तिची शेंडी बांधते.
ही ब्रह्मा: पायांत पिसांचे बूट,
बोटांत बर्फाचे गोळे धरतात,
कोमट पाण्याच्या घमेल्यात उभी केली
की डोळे मिटते, एखाद्या जमीनदारणीसारखी.
रेशमी कोंबड्या तेवढ्या वर जात नाहीत, उडताच येत नाही.
पिसं कसली, लोकरच ती, थेंबही अडवत नाही.
पायरीखाली दाटीवाटीनं बसतात,
कुणी विसरून गेलेल्या टोप्या जशा.
आणि शेंड्याजवळ सेब्राइट, मुठीएवढी,
पिसापिसाला काळी किनार, बारीक टाकानं ओढलेली.

"अंडी तरी केवढी घालतात?" मी एकदा विचारलं.
"अंडी दुकानात मिळतात."
"मग ह्या कशाला?"
"खिडकीतून बघायला काहीतरी हवं ना.
तुला किती बघणार?"

पहिल्या हिवाळ्यात कोंडून ठेवल्या होत्या तिनं.
फेब्रुवारीपर्यंत एकमेकींची पाठ उपटून काढली त्यांनी.
तेव्हापासून दार उघडं, अंगणभर गवताची वाट,
कारण बर्फावर पाय ठेवायला त्या तयार नसतात,
उंबऱ्याशी उभ्या राहून तिच्याकडे बघतात,
जणू हिनंच सांडलंय सगळं.

नोव्हेंबरात एक गेली.
बर्फावर पंखांचे दोन ठसे, स्वच्छ, पसरलेले,
मध्ये काही नाही.
दोन दिवस दार बंद. तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडं.
मी काही बोललो नाही. शिडी धरली.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणे.
इथे डिसेंबरात ते उघड्यावर उभं राहून
घसा फुटेस्तोवर आरवतं
आणि उजाडत नाही.

मग जानेवारीतला तो दिवस, उणे सत्तावीस.
तीन वाजले, हाक नाही.
सव्वातीन.
मी बूट चढवले.
गुनवोर स्वयंपाकघरात, घोंगडीत, तापानं लाल,
बोललीच नाही, नुसतं बोट वर केलं.

शिडी धरायला कोणी नव्हतं.
खिडकी उघडून तिनं बॅटरी धरली,
उजेड थरथरत होता, झाडापेक्षा जास्त माझ्या पाठीवर.
सहा उतरवल्या. दोन वेळा पाय घसरला,
तिच्याच शिव्या वापरल्या मी, दुसऱ्या मला येत नाहीत.
सातवी ती मुठीएवढी. कोटाच्या आत घातली.
तिची धडधड माझ्याहून तिप्पट घाईची.

"तुऱ्याला व्हॅसलीन!" वरून खोकत हुकूम.
बोटावर घेतलं. गोठलेलं, मेणासारखं.
घासून घासून मऊ केलं, मग लावलं,
तुऱ्याच्या प्रत्येक दात्याला, हळू.
इतक्या जवळून कुणाच्या तोंडाला हात लावायची
पहिली वेळ नव्हती ही माझी,
पण बरीच वर्षं झाली होती.

"उद्या तीनला," ती म्हणाली,
आणि खिडकी लावून घेतली.
कोण चढणार, कोण धरणार,
ते दोघांनीही काढलं नाही.

सकाळी खुराड्याचं दार उघडलं मी.
सेब्राइट पहिली बाहेर, गवताच्या वाटेवरून,
उजव्या दात्याचं टोक काळं पडलेलं,
मान वाकडी करून झाडाकडे बघत.